हॉलंडकाकांची डावी बाजू

गाडीतला आरसा त्यांनी छताकडे वळवून ठेवला होता. भाड्याचं घर दाखवायला ते आम्हाला स्वतःच्या गाडीतून घेऊन चालले होते आणि मी पुढे त्यांच्या शेजारी बसलो होतो. मला वाटलं, चुकून सरकला असेल. सरळ करायला हात लावला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण लगेच सोडलंही नाही.

"मागे काय आहे ते मला माहीत आहे," ते म्हणाले.

मागे माझी बायको मेघना आणि आमची सई बसल्या होत्या. सई तेव्हा दुसरीत होती. मेघनानं मराठीत विचारलं, "काय म्हणतायत?" मी म्हटलं, "काही नाही, आरशाचं." मग माझ्या लक्षात आलं की त्यांच्या खिडकीबाहेरचा डावा आरसाही दुमडलेला आहे. ते उजव्या लेनमधून संथ चालवत होते आणि घर येईपर्यंत त्यांनी एकदाही लेन बदलली नाही.

असल्या माणसाचं घर खरं तर घ्यायला नको होतं. पण डॉटकॉमचा फुगा नुकताच फुटला होता, टेक्ससमधल्या शुगर लँडची नोकरी गेली होती, आणि इथं नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत जी नवी मिळाली ती टिकेल की नाही याची खात्री नव्हती. घर जोडघर होतं. अर्ध्यात ते एकटे राहत आणि अर्ध्यात आम्ही, मधे एकच भिंत. मागे पाइनची झाडं, त्यापलीकडे एक तळं, तळ्याभोवती फिरायची वाट. शाळा जवळ. सईनं तळ्यावरची जाडजूड राखी बदकं बघितली आणि प्रश्न मिटला.

ते मूळचे नेदरलँड्सचे, व्यावसायिक फुटबॉलपटू. लेफ्ट विंगर, म्हणजे डाव्या कडेनं चढाई करणारे. आम्ही राहायला गेलो तेव्हा वय पन्नाशीच्या पुढे, उंच, सडपातळ, उजवा गुडघा कामातून गेलेला. कॅरी-मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळींत त्यांना सगळे हॉलंडकाका म्हणायला लागले ते आमच्यामुळे. सई त्यांना कोच म्हणायची.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे प्रत्येक पेठेचा फुटबॉलचा संघ असतो आणि मॅचच्या दिवशी सख्खे मेव्हणे एकमेकांशी बोलत नाहीत. मीही पेठेकडून खेळलो होतो. हे सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"कुठे खेळायचास?"

"बॅक."

"लेफ्ट?" त्यांचा आवाज एकदम बदलला.

"नाही, राइट बॅक."

"हं. मग ठीक आहे," म्हणाले आणि खांदे सैल सोडून हसले. त्यात ठीक काय होतं ते मला पुढची दोन-तीन वर्षं कळलं नाही.

त्यांच्या डाव्या हाताला कुणी असलेलं त्यांना चालत नसे. तळ्याच्या वाटेवर फिरताना डावीकडे माणूसभर जागा सोडून चालायचे. समोरून कुणी सायकलवाला त्या जागेतून आला की अंग चोरून, जवळजवळ त्याची माफी मागितल्यासारखं करून उभे राहायचे. पण माफी सायकलवाल्याची नसायची, तोंड दुसरीकडे असायचं. आमच्याकडे जेवायला आले की टेबलाच्या डाव्या टोकाची खुर्ची रिकामी ठेवून दुसऱ्या खुर्चीत बसायचे. पांढरा रस्सा त्यांना फार आवडायचा. वाटीला तोंड लावून प्यायचे. एकदा सई कौतुकानं त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली, तर ते वाटी घेऊन उठले आणि ओट्याशी उभं राहून प्यायले. मेघनाला राग आला. "एवढं काय आहे त्या जागेत? रिकामी तर आहे."

"जागा रिकामी नसते," ते अगदी मऊपणे म्हणाले. "कुणीतरी अजून पोचलेलं नसतं, एवढंच."

आणि ते मागे वळून बघत नसत. कधीच. हाक मारली तर थांबत, आपण जवळ जाऊन समोर येईपर्यंत तसेच उभे राहत. नव्या माणसाला तो उद्धटपणा वाटे. मला मात्र त्यांच्या पाठीमागून चालत जाताना प्रत्येक वेळी वाटायचं, की आपण कुणाच्या तरी मधे घुसतोय.

मग जिन्याचं. अमेरिकेतली घरं लाकडी, पलीकडचा माणूस शिंकला तरी अलीकडे ऐकू येतं. त्यांचा जिना आमच्या बैठकीच्या भिंतीला लागून होता. त्यांची चढण्याची लय आम्हाला पाठ झाली होती: एक जड पाऊल, मग दुखरा पाय ओढल्याचा आवाज. एका शनिवारी दुपारी मेघना कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मी सोफ्यावर पडलो होतो. पलीकडे ते जिना चढायला लागले. जड, ओढ. जड, ओढ. अर्ध्यावर आले असतील, तेवढ्यात खालून दुसरी पावलं आली. हलकी, भरभर, पळत. ती त्यांना ओलांडून वर गेली आणि वरच्या मजल्यावर थांबली. त्यानंतर, बऱ्याच वेळानं, काका वर पोचले.

मेघनाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "त्यांच्याकडे कोण आलंय?"

"कुणी नसेल. लाकूड वाजतं गं, ऊन-थंडीनं."

"लाकूड पळत जातं?" ती म्हणाली. "त्यांच्या आधी वर कोण पोचलं, ते सांग."

मी उठलो. बाहेर जाऊन बघितलं, तर दारात त्यांच्या एकट्याची गाडी. लीज मोडायची भाषा त्या दिवशी घरात पहिल्यांदा झाली. पण त्यांच्याशी सई इतकी रमली होती की प्रत्येक वेळी तो बेत आम्हीच कॅन्सल केला.

स्वतःच्या खेळाबद्दल ते बोलत, पण मधूनच सुरू करून मधेच सोडून देत. उत्तर समुद्राच्या बांधाखालचं मासेमारांचं छोटं गाव. तिथल्या क्लबात ते इतके गाजले की शहरातल्या मोठ्या क्लबानं उचललं. राष्ट्रीय संघातही एकदा बोलावणं आलं. सबंध मॅच बाकावर बसून परत आले. "बाक चांगला होता," एवढंच म्हणायचे. मग उतार. बेल्जियम, जर्मनी, एकेका ठिकाणी एकेक सीझन. शेवटी अमेरिका. इथं तेव्हा युरोपातले उतरणीला लागलेले खेळाडू आणून प्रचंड स्टेडियममध्ये खेळवायचे आणि प्रेक्षक एका कोपऱ्यात मावायचे. ती लीग बुडाल्यावर ते इनडोअर फुटबॉलला गेले. बर्फावरच्या हॉकीच्या रिंगणात हिरवा गालिचा अंथरायचा आणि चारी बाजूंनी कमरेएवढ्या फळ्या. चेंडू बाहेर जातच नाही, फळीवर आपटून परत येतो.

"म्हणून मी या देशात राहिलो," ते म्हणाले. "इथं चेंडू परत येतो."

मी हसलो. ते हसले नाहीत.

ऑगस्टमधल्या एका चिकट रविवारी त्यांनी मला त्या दिवसांतल्या मॅचची व्हिडिओ कॅसेट दाखवली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि त्यांनी खिडक्यांच्या पट्ट्या मिटून घेतल्या होत्या. पडद्यावर चाळिशीकडे झुकलेले, मिशीवाले काका. डावीकडून चेंडू घेऊन निघाले, अंगावर एक आडदांड बचावपटू आला, हे थांबले. आणि न बघता टाचेनं चेंडू आपल्या डावीकडे, फळीच्या बाजूला सोडून दिला. तिथं कुणीच नव्हतं. चेंडू फळीवर आपटला, काका बचावपटूला वळसा घालून पुढे गेले, चेंडू पायात आला, गोल. प्रेक्षक उभे राहिले. निवेदक ओरडत होता की हा माणूस आंधळा पास देतो.

"भारी!" मी म्हटलं.

"परत बघ," ते म्हणाले. "माझ्याकडे नको. त्या बचाववाल्याकडे बघ."

त्यांनी कॅसेट मागे नेली. मी बघितलं. काका थांबतात, आणि चेंडू सुटायच्याही आधी तो आडदांड माणूस काकांना सोडून फळीच्या बाजूला धावतो. मोकळ्या जागेकडे. हात आडवा करून, जसं पळत येणाऱ्या माणसाला अडवतात तसं. मग एकदम थबकतो आणि गोंधळून आपल्याच हाताकडे बघतो.

खोलीत एसी चालू होता, तरी मला पट्ट्या उघडाव्याशा वाटल्या. मी विचारलं, "तो कुणाला अडवत होता?"

काकांनी टीव्ही बंद केला. "चहा घेणार?"

सई त्यांच्याकडे फुटबॉल शिकायला लागली ती आपोआप. तळ्याशेजारच्या गवतावर संध्याकाळी ते तिला पळवत. तिला ते 'मैश्ये' म्हणत, म्हणजे त्यांच्या भाषेत पोरी. ती डावखुरी आणि चपळ. लवकरच ती शाळेबाहेरच्या लीगमध्ये लेफ्ट विंगला खेळायला लागली. काका रेघेबाहेर हात मागे बांधून उभे असत, ओरडत नसत. एकदा मॅचहून परत येताना सई गाडीत म्हणाली, "बाबा, कोच जेव्हा साइडला असतात ना, देन समवन रन्स बिहाइंड मी."

"तुझ्या टीममधली कुणी असेल."

"नो. आय चेक्ड." मग बाहेर बघत म्हणाली, "इट्स नॉट स्केअरी. इट्स लाइक हेल्प."

मेघनानं माझ्याकडे बघितलं. घरी आल्यावर दार लावून म्हणाली, "यार, बस झालं. त्या माणसाला काय दिसतं, काय ऐकू येतं, मला माहीत नाही. पण माझ्या मुलीला तेच ऐकू यायला लागलंय. लीज संपली की निघायचं." मी हो म्हटलं. नवीन जागा बघायलाही सुरुवात केली.

त्याच हिवाळ्यात बर्फाळ पाऊस पडला. कॅरीत हिम फारसं पडत नाही; पाऊस पडतो आणि पडल्या जागी गोठतो. सकाळी उठलो तर पाइनचं प्रत्येक पान काचेत बसवल्यासारखं. वीज गेलेली, शाळा बंद, रस्ते बंद. फांद्या त्या वजनानं मोडत होत्या आणि दर थोड्या वेळानं रानात बंदूक झाडल्यासारखा आवाज येत होता. ऊन मात्र लख्ख. तळ्यावर राखी पापुद्रा धरला होता आणि बदकं काठावर अवघडून बसली होती.

मागच्या कुंपणावर झाड पडलंय का ते बघायला काका निघाले. सई चेंडू घेऊन त्यांच्यामागे गेली. मी दारात गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होतो. घराच्या कडेनं, झाडांमधून, ते दोघं मला तळ्याच्या वाटेवर दिसत होते: पुढे काका, डावीकडे नेहमीची जागा सोडून, आणि मागे अंतरावर सई, चेंडू पायानं ढकलत. चेंडू निसटला आणि उतारावरून तळ्यातल्या बर्फावर गेला. सई त्याच्यामागे गेली. मी ओरडलो. त्याच क्षणी एक फांदी कडाडून मोडली आणि माझा आवाज त्यात बुडाला.

काका पुढेच चालले होते. हा माणूस मागे वळणार नाही, हे मला माहीत होतं. मी पळत सुटलो आणि पहिल्याच पावलाला आपटलो. मान वर केली तेव्हा दिसलं, की काका थांबलेत. क्षणभर कान देऊन उभे राहिले. आणि वळले. पूर्ण, आख्खे, मागे वळले.

तेव्हाच बर्फ फुटलं. सईची लाल टोपी गेली.

त्या गुडघ्यानं ते इतकं कसे पळाले, मला सांगता येणार नाही. काठावर पोचल्याबरोबर आडवे झाले, पोटावर, हात लांब करून, आणि सरकत पुढे गेले. मी घसरत, पडत काठाशी पोचेपर्यंत त्यांनी तिला बाह्यांना धरून वर ओढलं होतं. मी त्यांचे पाय धरून दोघांना खेचलं. सई थरथरत होती, पण शुद्धीवर होती. काका तिच्याकडे बघत नव्हते. बर्फातल्या त्या काळ्या भोकाकडे बघत होते.

ॲम्ब्युलन्स कशीबशी पोचली, तिच्यातल्या लोकांनी तपासलं, पोर ठीक आहे म्हणाले. दुपारी आम्ही सगळे आमच्या स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीभोवती बसलो होतो. सई दुलईत. मेघना तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि सोडायला तयार नव्हती.

"भीती वाटली का गं, सोन्या?"

"यह. पण मागून पुश केलं मला. वर."

"कोचनी ओढलं तुला."

"नो, आई. कोच समोर होते. हा मागे होता, पाण्यात. ही पुश्ड मी अप. अँड ही केप्ट सेइंग, आय कम, आय कम." तिनं नाक मुरडलं. "नॉट ईव्हन 'आय ॲम कमिंग'. हू टॉक्स लाइक दॅट?"

काकांच्या हातातला कप खाली ठेवला गेला नाही, पडला. ते उठले, खिडकीशी गेले, आणि आमच्याकडे पाठ करून बोलायला लागले.

गावात त्यांचा एक मित्र होता. शेजारच्याच घरातला. हे विंगर आणि तो त्यांच्यामागचा लेफ्ट बॅक. काका चेंडू घेऊन थांबायचे आणि तो मागून, त्यांच्या बाहेरून, चुन्याच्या रेघेला चिकटून पळत पुढे यायचा. काकांनी न बघता चेंडू त्याच्या वाटेत सोडायचा. बघायचं नाही, कारण बघितलं की समोरच्याला कळतं. म्हणून तो ओरडायचा, "इक् कॉम!" डचमध्ये, मी येतोय.

"मोठ्या क्लबाला एकटा मीच हवा होतो," काका म्हणाले. "मी गेलो. तो म्हणाला, जा, मी येतो मागून."

दुसऱ्या हिवाळ्यात एक मॅच चालू असताना काकांना मागून ती पावलं ऐकू आली, ती हाक ऐकू आली, आणि त्यांनी न बघता चेंडू डावीकडे सोडला. चेंडू सरळ बाहेर गेला. सगळं स्टेडियम हसलं. मॅच संपल्यावर ड्रेसिंगरूममध्ये फोन आला. गावामागच्या कालव्यावर स्केटिंग करताना बर्फ फुटलं होतं. तो सापडला होता, पण उशिरा.

"मी अंत्यविधीला गेलो नाही. पुढच्या शनिवारी मॅच होती, आणि मला वाटलं, तो मॅचलाच येईल. आला. त्यानंतर प्रत्येक मॅचला आला. मी प्रत्येक वेळी चेंडू दिला. एक क्लब, दुसरा क्लब, सगळ्यांनी काढून टाकलं. पण तो मागून पळत येतोय आणि मी चेंडू द्यायचा नाही, हे मला जमलं नसतं. मागे वळलो तर तो नसेल हे कळत होतं. म्हणून वळलो नाही."

"मग आज?" मी विचारलं.

"आज पावलं थांबली. आणि उलटी पळाली. तुझ्या पोरीकडे." त्यांनी काचेवरची वाफ तळहातानं पुसली. "तेव्हा वळावंच लागलं."

मेघना सईला मांडीवरून उतरवून त्यांच्याजवळ गेली. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ती त्यांच्या डाव्या बाजूला उभी होती. ते हलले नाहीत.

आम्ही घर बदललं नाही. पण काका बदलले. जिन्यावर आता एकाच माणसाची पावलं वाजत. गाडीतला आरसा सरळ झाला. चालता चालता थांबून ते मागे बघत. तळ्यावर, पार्किंगमध्ये, दुकानाच्या रांगेत. बघायचे, आणि चेहरा उतरायचा. इतकी वर्षं ज्याची मला भीती वाटत होती ते निघून गेल्यावर भिंतीपलीकडची ती शांतता अधिक भयंकर वाटायला लागली. कधी कधी मी आणि मेघना टीव्ही बंद करून, न बोलता, कान देऊन बसायचो. तिनंच एकदा विचारलं, "काका, तुमच्या त्या मित्राची आई आहे का?"

"आहे. नव्वदीची. त्याच घरात राहते."

"मग तुम्ही भेटून या ना."

"काय तोंडानं?" ते म्हणाले. दर वर्षी मेघना तेच विचारायची आणि दर वर्षी ते तेच म्हणायचे.

आम्हाला ग्रीन कार्ड मिळालं त्या उन्हाळ्यात त्यांनी दोन्ही अर्धी घरं विकायला काढली. आमचं अर्धं आम्हीच घेतलं. ते मायदेशी परत निघाले तेव्हा विमानतळावर सईनं त्यांना मिठी मारली. ती तेव्हा त्यांच्या खांद्याला लागत होती. ते म्हणाले, पोचलो की फोन करतो.

फोन आला तो रविवारी सकाळी. मेघना कांदेपोहे करत होती. त्यांचा आवाज लांबून येत होता आणि त्यामागे वारा होता.

"गेलो होतो त्याच्या आईकडे," ते म्हणाले. "लोकांनी सांगितलं होतं, आता ती कुणाला ओळखत नाही. पाऊस होता. बांधावरून चिखलातून चालत गेलो. दार तिनंच उघडलं."

"ओळखलं?"

"माझ्याकडे बघितलं. मग माझ्या शेजारी बघितलं. आणि जशी आम्ही लहान असताना रागवायची ना, तशी रागावली. म्हणाली, किती उशीर रे. दोघंही आधी पाय पुसा, मग आत या."

मेघनानं गॅस बंद केला होता आणि ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," काका म्हणाले. "पुसले आम्ही."